गाळात लिहिलेला दुष्काळ

मराठवाड्यातील दुष्काळांचा इतिहास लिहावयास बसले की कागद लवकर संपतात. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी सोसलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला आली, ती तर कालचीच गोष्ट. मागे जावे तर दुर्गादेवीच्या दुष्काळापाशी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, आपण थबकतो. त्यापलीकडचे सांगणारा बखरकार आम्हांस भेटत नाही. भेटतो तो तळ्याचा गाळ.

तळ्याच्या तळाशी दोन जातींचे सेंद्रिय द्रव्य साचते. पाण्यातले शेवाळ मरून बुडते आणि ओढ्यांबरोबर रानचा पालापाचोळा येतो. शेवाळात एका भाग नत्रास कर्ब चार ते दहा भाग असतो. झाडाच्या पानालाकडात तोच विसाच्या वर जातो. पानावरच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम संख्येच्या कर्बाच्या लांब साखळ्या असतात. बाकीचे कुजले तरी त्या टिकतात. शिवाय ज्वारी आणि तिच्या कुळातील गवते यांच्या अंगी जड कर्ब किंचित जास्त उतरतो, तुरीच्या व झाडांच्या अंगी कमी. तेव्हा जुने मेण तपासून त्या काळी रान झाडीचे होते की गवताचे, हे ताडता येते.

मराठवाड्याच्या वेशीलगत, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. उल्कापाताने झालेला हा खळगा. पाणी खारे आणि तळाशी प्राणवायू नाही. त्यामुळे तेथे पडलेले द्रव्य सावकाश कुजते. या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून सुषमा प्रसाद व त्यांच्या भारतीय-जर्मन सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. किरणोत्सर्गी कर्बावरून थरांची वये ठरविली. सुमारे ११,००० वर्षांच्या त्या हकीकतीत अवर्षणाचे दोन दीर्घ कालखंड निघाले: एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

हा दुसरा आकडा ऐकताना नांदेडकरांनी कंधार आठवावे. तेथला जगत्तुंग समुद्र हा राष्ट्रकूटांचा तलाव याच लांबलेल्या कोरड्या काळातला. म्हणून तो अवर्षणापायीच बांधला, असे आम्ही म्हणणार नाही. राजे कीर्तीसाठीही तळी बांधतात. पण पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात पाणी अडविणे ही केवळ हौस नव्हती, इतके मानावयास हरकत नसावी.

लोणारइतका स्वच्छ लेख गावतळ्यात मिळणे कठीण. उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, हवा लागते, गुरे गाळ तुडवितात. तरी मेण चिवट असते. आणि आता घाई आहे. २०१७ पासून धरणातलातळ्यातला गाळ शेतात नेण्याची सरकारी योजना चालली. ती चांगलीच आहे. गाळाने मुरमाड रान सुधारते, तळ्यात पाणीही जास्त राहते. आमचे मागणे लहान आहे. जुन्या तळ्यात यंत्र उतरण्याच्या आदल्या दिवशी कोणा महाविद्यालयाने तेथे एक पोकळ नळी उभी ठोकावी, गाळ भरल्यावर ती दोन्ही तोंडे बंद करून काढावी, वरची बाजू कोणती हे तिच्यावर लिहावे आणि थंड जागी ठेवावी. बाकीचा गाळ शेतकऱ्याने खुशाल न्यावा.