'बाहेरचं' की आजार? विचित्र वागण्यामागची कारणे

जळगाव जामोद परिसरात कुणी एकटाच बोलू लागला, रात्र-रात्र जागू लागला, घरच्यांवरच संशय घेऊ लागला की लोक म्हणतात, "बाहेरचं आहे, सैलानीला न्या." आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ असलेल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरहून असे रुग्ण आणले जातात. या वागण्याबद्दल विज्ञान काय सांगते, ते थोडक्यात पाहू.

जैविक दृष्टिकोन : मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे. त्यातील डोपामाइनसारख्या रसायनांचा तोल बिघडला की नसलेले आवाज ऐकू येणे, भ्रम होणे असे त्रास होऊ शकतात. आनुवंशिकता, मिरगी, थायरॉईडचा विकार, डोक्याला मार, नशा हीही कारणे असू शकतात. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांवर वापरले गेले आणि उपचारांचे चित्रच बदलले.

मानसशास्त्रीय दृष्टिकोन : फ्रॉईडने मनात दडपलेल्या संघर्षाकडे बोट दाखवले. वर्तनवाद्यांच्या मते भीतीही शिकली जाते, म्हणून ती घालवताही येते. ॲरन बेक यांनी चुकीच्या विचारांच्या सवयीवर भर दिला. इथे उपचार म्हणजे समुपदेशन.

मग खरे कोणते? दोन्ही. एकरूप जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. म्हणजे अंगात प्रवणता असते आणि कर्ज, नापिकी, घरातली भांडणे, जवळच्याचा मृत्यू असा ताण तिला उघडी पाडतो.

दर्ग्यावर दुआ मागायला कुणाची हरकत नाही. पण साखळदंड नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली. बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांना पळताच आले नाही, २८ जण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

आमचे सांगणे एवढेच : दुआ करा, पण दवा थांबवू नका. उपचाराला जितका उशीर, तितका आजार चिवट. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराबद्दल विचारा, किंवा 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.