टेलिफोनची हाक

टेलिफोन हे बोलण्याचे यंत्र खरे; परंतु बोलण्याआधी हाक मारावी लागते. पलीकडचा माणूस यंत्रापाशी आलाच नाही, तर तारेतून कितीही बोला, ते वाऱ्यावरच जावयाचे. म्हणून टेलिफोनच्या इतिहासात बोलण्याइतकेच महत्त्व हाकेला आहे. ही हाक आता आपल्या खिशात येऊन बसली आहे. कोणाच्या फोनात अभंग वाजतो, कोणाच्या सिनेमातले गाणे, तर कोणाच्या नातवाचा बोबडा बोल. यालाच आपण रिंगटोन म्हणतो. हाकेचा सूर निवडण्याचा हा अधिकार आपल्या हाती कसा आला, मध्यंतरी त्याचा बाजार कसा झाला, आणि तो परत कसा मिळाला, एवढेच आज पाहावयाचे आहे.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते ७ मार्च १८७६ रोजी. गंमत अशी, की पहिल्या टेलिफोनांना घंटाच नव्हती! पलीकडच्याला बोलवावयाचे तर यंत्रात ओरडावे लागे, नाहीतर त्याच्या पडद्यावर पेन्सिलीने टकटक करावी लागे. बेल यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी यावर उपाय शोधता शोधता १८७८ साली विजेची घंटा बसविली. दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये हलणारा एक लहानसा टोल. तारेतून उलटसुलट वाहणारा प्रवाह आला, की टोल या वाटीवरून त्या वाटीवर आपटावयाचा. पुढे शंभर वर्षे जगभर टेलिफोन वाजला तो मुख्यतः याच युक्तीवर.

अमेरिकेच्या खेड्यांत मग एक नवी अडचण आली. तार महाग, म्हणून एकाच तारेवर पाच-दहा घरे जोडलेली. घंटा वाजली की सगळ्यांच्याच घरी वाजावयाची. मग लोकांनी खूण ठरविली. एका घराला दोन लांब व एक आखूड, दुसऱ्या घराला एक लांब व तीन आखूड. खुणेवरून ज्याने त्याने आपली हाक ओळखावयाची. (शेजारीही हळूच ऐकत बसत, ही गोष्ट वेगळी!) आपापल्या घराची हाक वेगळी असावी, ही कल्पना अशी गरजेतून निघाली, हौसेतून नव्हे.

भारतात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे १८८२ साली सुरू झाली. आपल्याकडे घंटा दोनदा वाजावयाची आणि मग थोडा विसावा घ्यावयाची. पोस्टातला काय, कचेरीतला काय, डॉक्टरांच्या घरचा काय, सगळ्यांचा सूर सारखाच. टेलिफोन जागेचा होता, माणसाचा नव्हता. म्हणून ते चालूनही गेले. पण ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाईलवर संभाषण केले आणि फोन माणसाबरोबर फिरू लागला. आता एस.टी.त घंटा वाजली की दहा जण खिसे चाचपू लागले. खेड्यातल्या एका तारेची अडचण नव्या रूपात पुन्हा उभी राहिली.

तिच्यावरचा उतारा प्रथम जपानात निघाला. १९९६ साली तेथे असा फोन विक्रीस आला, की ज्यात मालकाला आकड्यांची बटणे दाबून स्वतःच सूर भरता येत. लोकांना त्याचे इतके वेड लागले, की कोणत्या गाण्यासाठी कोणती बटणे दाबावयाची हे सांगणारे एक पुस्तक १९९८ साली निघाले आणि त्याच्या पस्तीस लाखांवर प्रती खपल्या. तिकडे फिनलंडच्या नोकिया कंपनीने १९९४ पासून आपल्या फोनांत एक ठरावीक धून वाजविली. ती स्पेनचे गिटारवादक फ्रान्सिस्को तारेगा यांच्या १९०२ सालच्या एका रचनेतली. नोकियाच्या पुढच्या फोनांत सूर जुळविण्याची सोयही आली. एका वेळी एकच स्वर निघे, पण तो आपण भरलेला असे. त्या काळी आमच्यासारखी कॉलेजातली पोरे गाण्यांचे आकडे वहीत उतरवून घेत आणि तास चालू असताना बाकाखाली बटणे दाबत बसत!

जेथे हौस तेथे व्यापारी येणारच. १९९८ साली फिनलंडमध्येच फोनवरून सूर विकत देण्याची सोय सुरू झाली आणि पाहता पाहता तो मोठा धंदा झाला. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने २००४ साली रिंगटोनांची वेगळी क्रमवारी सुरू केली. २००५ साली तर ‘क्रेझी फ्रॉग’ नावाच्या एका रिंगटोनवरून केलेले गाणे ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिले आले. एकच सूर घेतला असे समजून लोक दर आठवड्याच्या वर्गणीत अडकले, अशा तक्रारीही तेथे झाल्या. २००७ साली ॲपल कंपनीने आपल्या दुकानातल्या ९९ सेंटांच्या गाण्याचा रिंगटोन करून देण्यासाठी आणखी ९९ सेंट लावले. म्हणजे गाणे एक आणि मोल दोनदा!

आपल्याकडे हा बाजार ‘कॉलर ट्यून’च्या वाटेने अधिक फोफावला. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. रिंगटोन आपल्या फोनात असतो आणि आपल्याला ऐकू येतो. कॉलर ट्यून कंपनीच्या यंत्रात असते आणि फोन करणाऱ्याला ऐकू येते. तिचे पैसे आपल्या शिलकीतून महिन्याच्या महिन्याला कापले जात. चुकून एखादे बटण दाबले आणि ट्यून चालू झाली, असे कित्येकांचे झाले. ज्याने आठवड्याच्या मजुरीतून दहा-वीस रुपये भरले, त्याची शिल्लक नाहीशी झाल्यावर त्याने दाद कोठे मागावी? अखेर २०१३ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने आदेश काढला, की ग्राहकाने दुसऱ्यांदा स्पष्ट होकार दिल्यावाचून अशी कोणतीही सेवा सुरू करता येणार नाही. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत फोन लावताच आधी खोकला आणि मग सूचना ऐकू येऊ लागली, ते आपण विसरलेलो नाही. हेतू चांगला होता. पण ती जागा आपली नव्हे, हेही तेव्हा सर्वांना कळले.

स्मार्टफोन आला आणि हाक पुन्हा आपल्या हाती आली. त्यात ध्वनिमुद्रण करण्याची सोय असते आणि मुद्रण कापण्याचीही. हवा तो आवाज मुद्रित करावा, पुढचा-मागचा नको तो भाग काढून टाकावा, आणि सेटिंगमध्ये ‘साऊंड’ या सदरात रिंगटोन म्हणून तो निवडावा. एखाद्याच माणसासाठी वेगळा सूर हवा असेल, तर त्याच्या नावावर तो लावता येतो. फोनाफोनांत नावे थोडी निराळी असतात, पण क्रम हाच. लांबी किती असावी? २०१९ साली प्राधिकरणाने मोबाईल न उचलल्यास तीस सेकंद वाजावा असे ठरवून दिले. म्हणून त्याहून मोठा तुकडा घेण्यात अर्थ नाही. आणखी एक लक्षात ठेवावे. फोनाचा ध्वनिक्षेपक बोटाएवढा असतो. ढोल-पखवाजाचा घुमारा त्यातून नीट निघत नाही. बासरी, टाळ, घुंगरू वा माणसाचा आवाज मात्र स्वच्छ येतो.

शिक्षक बंधुभगिनींना या ठिकाणी एक सुचवावेसे वाटते. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या गावोगाव अजून आहेत, पण दरसाल त्या कमी होत आहेत. मुलांना सांगावे, की तुमच्या आजीची एक ओवी तिला विचारून, तिच्या खुशीने मुद्रित करा आणि तिचा रिंगटोन करा. कापताना मुलाला ओवी दहादा ऐकावी लागेल आणि न सांगता ती पाठ होईल. मूळ मुद्रण मात्र जपून ठेवावे, कारण तीस सेकंदांत आजी मावत नाही.

आणि सभेत, वर्गात, कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी सूर कितीही गोड असला तरी तो बंद ठेवावा, हे सांगावयास नकोच. शंभर वर्षे हाक कशी असावी हे तार ठरवीत होती. नंतर काही वर्षे ते दुकानदाराने ठरविले. आता ते आपण ठरवावयाचे आहे. तेव्हा विकतच्या सूरापेक्षा घरातला आवाज एकदा वाजवून पाहावा.