दोरीचं दुसरं टोक

"मी तुमचा फार मोठा पंखा आहे!" कॉलेजात हा जोक आम्ही इतक्यांदा मारलाय की त्यातली हवा केव्हाच निघून गेली. पण गेल्या शनिवारी हॉलमधला जुना पंखा बदलायला इलेक्ट्रिशियन आला. स्टूल धरून उभं राहण्यापलीकडे मला काही काम नव्हतं, आणि तोच जोक पुन्हा डोक्यात गरगरायला लागला. वारा देणारा फॅन आणि टाळ्या वाजवणारा फॅन, हे दोघं एकच कसे काय? मग काय, अख्खा रविवार त्यातच गेला.

तर मंडळी, हे शब्द एक नाहीतच. नुसते सारखे दिसतात. वाऱ्याचा फॅन आला लॅटिनमधल्या 'वान्नुस'वरून, म्हणजे धान्य पाखडायचं सूप. चाहता फॅन हे बहुतेक कोशकारांच्या मते 'फॅनॅटिक'चं लघुरूप, आणि त्याच्या मुळाशी आहे 'फानुम', म्हणजे देऊळ. एक सुपातून आला, दुसरा देवळातून!

योगायोग बघा, दोघांचं बारसं झालं एकाच काळात आणि एकाच देशात. 1880 च्या दशकात अमेरिकेत बेसबॉलवेड्यांना फॅन म्हणायला लागले. त्याच दशकात तिथे स्कायलर व्हीलरने विजेवर चालणारा टेबलफॅन बनवला, आणि शिवणयंत्रांच्या कामात मुरलेल्या फिलिप डीलने पंख्याची मोटर थेट छताला टांगली.

आपल्याकडे मात्र सूप आणि देऊळ फार आधीच एकत्र आलेत. चवरी आठवा. देवावर चवरी ढाळणारा वाराही घालतो आणि भक्तही असतो. टू इन वन. (पुढाऱ्यांच्या मागेपुढे करणाऱ्यांनाही आपण 'चवऱ्या ढाळतात' म्हणतोच.)

पण वारा घालणारा प्रत्येक जण भक्त असतो असं नाही. इथून पुढे गोष्ट जरा गंभीर होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या घरांत एक नवा पंखा दिसायला लागला. लांबलचक लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड, खाली झालर. ही चौकट छताला टांगायची, तिला दोरी बांधायची आणि दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात काढायची. तिथे पंखेवाला बसायचा. तो दोरी ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. जेवणाच्या वेळी, कचेरीत, कोर्टात आणि उन्हाळ्यात रात्र-रात्रभर. हात भरून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पायाने ओढायची.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर दोरी म्हणजे इंटरफेस. आतल्या साहेबाला फक्त वारा दिसतो (म्हणजे लागतो!). भिंतीपलीकडे काय चाललंय हे त्याला कळायची गरजच नाही. चांगल्या डिझाइनची आम्ही हीच व्याख्या करतो. फक्त इथे भिंतीपलीकडे माणूस होता.

आणि माणसाला झोप येते. डुलकी लागली की पंखा थांबायचा, साहेब घामाघूम होऊन जागा व्हायचा, आणि मग शिव्या, बूट, लाथ. त्या काळात नोकरांचे असे मृत्यू कोर्टात आले की एक ठरलेलं वैद्यकीय कारण पुढे यायचं: मलेरियाने सुजलेली पाणथरी (म्हणजे प्लीहा) फुटली. मार तसा किरकोळच होता, दोष पाणथरीचा! मेलेल्यांत पंखेवालेही असत. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मात्र एका मोतद्दाराचं आहे. आग्र्यातला फुलर नावाचा इंग्रज वकील चर्चला निघाला होता. गाडी दाराशी आली तेव्हा मोतद्दार जागेवर हजर नव्हता म्हणून त्याने त्याला मारलं आणि तो माणूस मेला. फुलरला शिक्षा काय झाली? 30 रुपये दंड. 1876 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लिटनने या निकालावर लेखी नापसंती नोंदवली, आणि त्यावरून इंग्रज मंडळी उलट व्हाइसरॉयवरच भडकली. मी हे वाचून लॅपटॉप बंद केला आणि चहा करायला उठलो.

पुढे 1899 मध्ये कलकत्त्याला घरोघर द्यायची वीज आली. मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी बीईएसटी कंपनी 1905 ची. दोरीचा पंखा एकदम गेला नाही. वीज जिथे उशिरा पोचली, तिथे तो पुढेही कित्येक वर्षं हलत राहिला. ई. एम. फॉर्स्टरच्या 1924 च्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये कोर्टातला पंखेवाला आहे. अख्ख्या खटल्याशी देणंघेणं नसलेला, आपला दोरी ओढत बसलेला. जिथे मोटर आली, तिथे आतल्या माणसाला फरक जाणवला तो एवढाच, की वारा आता झोपत नाही. व्हरांड्यातला माणूस मात्र कामावरून गेला. एका हालातून सुटला आणि त्याच दिवशी बेकारही झाला.

आता देवळातल्या फॅनकडे येऊ. तिथेही एक दोरी असतेच. फरक एवढाच की ती ओढणारा आपल्या खुशीने ओढतो. क्रिकेट आणि सिनेमाच्या आधी आपल्याकडचे कट्टर फॅन होते नाटकवेडे. बालगंधर्वांचे वेगळे, केशवराव भोसल्यांचे वेगळे. 8 जुलै 1921 ला मुंबईत दोन्ही कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पैसा जाणार होता टिळक स्वराज्य फंडाला. म्हणजे 30 रुपयांच्या त्या दंडानंतर साधारण 45 वर्षांनी फॅन लोकांनी खिशातून पैसे काढले ते स्वराज्यासाठी. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. तो प्रयोग पाहिलेल्यांना किती हळहळ वाटली असेल!

पण खरं सांगू? हे सगळं वाचताना मला सारखी आठवत होती आजी.

इंजिनिअरिंगच्या वर्षांत आमच्याकडे लोडशेडिंग असायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री लाईट गेले होते. मी जमिनीवर चटई टाकून पडलो होतो. आजी उशाशी येऊन बसली आणि ताडाच्या पानाच्या पंख्याने वारा घालायला लागली. मी म्हटलं, "आजी, तू झोप ना." ती म्हणाली, "मला मेलीला कुठे पेपर आहे उद्या? तू झोप." मी झोपलो.

जाग आली ती छताचा पंखा सुरू झाला तेव्हा. "आले गं बाई," म्हणत आजी हातातला पंखा खाली ठेवत होती. मध्ये किती तास गेले होते, मला माहीत नाही. मी कूस बदलली आणि परत झोपलो.

हात दुखला का, हे मी तिला विचारलं नाही. सकाळी नाही, नंतरही नाही. आता विचारायला ती नाहीये. चवरी ढाळणारा भक्त आणि व्हरांड्यातला पंखेवाला यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. आजीचा तो जीव होता, बेगार नव्हती. पण आत झोपलेल्या माणसात तेवढा फरक असतोच असं नाही, हे मला काल कळलं.

असो. नवा पंखा मस्त आहे. जुना 75 वॅट खायचा, हा त्याच्या निम्म्याहून कमी. आवाज नाही, रिमोट आहे. जुना भंगारात जाईल. आजीचा पंखा बहुतेक गावच्या घरी माळ्यावर असेल. पुढच्या वीकएंडला जाऊन बघणार आहे.