टायर घासलाय हे कसं ओळखाल? पावसाळ्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी कराच

नागभीडहून ब्रह्मपुरी, सिंदेवाही किंवा भिवापूर कुठेही निघा, रस्त्याला जंगल लागतंच. नीलगाय, रानडुक्कर, कधी वाघही अचानक रस्त्यावर येतो. अशा वेळी ब्रेक कितीही चांगले असले, तरी रस्ता धरून ठेवतो तो टायरच. मग तो बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

खाचा कशासाठी असतात?
ओल्या रस्त्यावरचं पाणी टायरखालून बाहेर काढण्यासाठी. खाचा उथळ झाल्या की वेगात गाडी पाण्याच्या थरावर तरंगते. मग ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही ऐकत नाहीत. म्हणूनच उन्हाळ्यात ठीक वाटणारा टायर पावसाळ्यात दगा देतो.

मर्यादा किती?
केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार खाचांची खोली दुचाकी आणि तीनचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर, तर कारसाठी १.६ मिलिमीटर हवी. मोजपट्टीची गरज नाही. टायरच्या कडेला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसेल. टायर घासून त्या उंचवट्याच्या पातळीला आला, की त्याचं आयुष्य संपलं. पूर्ण गुळगुळीत होण्याची वाट पाहू नका.

घासण्यावरून काय कळतं?
- फक्त मधे घासला: हवा जास्त.
- दोन्ही कडा घासल्या: हवा कमी.
- एकच कड घासली: अलाइनमेंट बिघडलेलं.

कारण दुरुस्त केलं नाही, तर नवा टायरही तसाच घासेल.

खाचा शाबूत, तरी धोका?
हो. बाजूला फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात. असा टायर लगेच बदला. भेगा पडल्या असतील, तर रबर जुनं झालंय. वय पाहायला 'डॉट' या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

लांब जाताय?
नागपूरहून समृद्धी महामार्ग धरणार असाल, तर जास्त काळजी घ्या. सततचा वेग आणि विदर्भातलं ऊन यामुळे टायर तापतो, त्यात हवा कमी असेल तर तो फुटू शकतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गावर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या.

हवा टायर थंड असतानाच तपासा. स्टेपनीची तपासायलाही विसरू नका. जंगलाच्या रस्त्यावर रात्री पंक्चरचं दुकान सापडत नाही.