पॉम्पेईच्या हस्तिदंती बाईचं माहेर

ऑक्टोबर १९३८. इटलीतल्या पॉम्पेई या गाडल्या गेलेल्या शहराच्या हमरस्त्यावर पुरातत्त्वज्ञ आमेदेओ माइउरी यांच्या देखरेखीखाली एका घराचं उत्खनन चालू होतं. त्या घरात हस्तिदंताचे काही तुकडे निघाले. ते जुळवल्यावर वीतभराहून थोडी उंच, साधारण २४-२५ सेंटिमीटरची एक बाई उभी राहिली. अंगावर वस्त्र जवळजवळ नाहीच, दागिने मात्र ठासून भरलेले: दोन्ही हातांत थेट वरपर्यंत चढलेल्या बांगड्या, पायांत जाडजूड वाळे, छातीवरून खाली उतरणारा हार, कमरेला मेखला. एक पाय दुसऱ्यावर आडवा टाकलेला. हात वर गेलेले, साजशृंगार सारखा करण्यात गुंतलेले. दोन बाजूंना दोन ठेंगण्या दासी, तोंडं बाहेरच्या दिशेला, हातांत प्रसाधनाच्या डब्या. मूर्ती पाठीमागूनही तितक्याच निगुतीनं कोरलेली आहे. पाठीवर उतरलेला केसांचा भार कारागिरानं सोडून दिलेला नाही. आणि डोक्यातून खाली गेलेलं एक भोक, दांडा बसवण्यासाठी.

ही बाई रोमन नाही, हे पाहताक्षणीच कळत होतं. माइउरींनी तिला लक्ष्मी म्हटलं. तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत ती ‘पॉम्पेई लक्ष्मी’ म्हणूनच येते, ज्या घरात ती सापडली त्या घराला ‘भारतीय मूर्तीचं घर’ असं नाव पडलं आणि मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेली. घडवली कुठे असेल, या प्रश्नाला तेव्हाचं उत्तर होतं मथुरा. त्या काळच्या शिल्पकलेचं मोठं, नामांकित केंद्र तेच होतं, म्हणून सगळ्यांची बोटं तिकडे गेली.

यानंतर पस्तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन केलं. (जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८१ मध्ये झाला.) शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली केळना नदीच्या काठचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड उकरलं गेलं आणि सातवाहन काळातलं एक भरलेलं गाव वर आलं. नाणी, मणी, भाजलेल्या मातीच्या मूर्ती, आणि त्यात एक हस्तिदंती बाई. अखंड नाही, मोडकीच. पण उभं राहण्याची ढब तीच, दागिन्यांचा सोस तोच, शेजारच्या दासी त्याच. तेर इथे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहातही याच नात्यातली एक हस्तिदंती बाई आहे. एक भोकरदनला, एक तेरला आणि तिसरी थेट पॉम्पेईला. मथुरेचा दावा इथे ढिला पडला. ही घडण गोदावरीच्या खोऱ्यातली असावी, असं अभ्यासक म्हणू लागले.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. आज तालुक्याचं गाव म्हणून ओळखलं जाणारं हे ठिकाण दोन हजार वर्षांपूर्वी आडवाटेला नव्हतं. पैठणहून उत्तरेला निघालं की अजिंठ्याचा घाट उतरून पुढे विदिशा, उज्जैन, भरूचकडे जाणाऱ्या वाटांवर ते पडतं. साँची आणि भारहूत इथल्या स्तूपांवरच्या दानलेखांत भोगवर्धनच्या माणसांची नोंद आहे. इथली माणसं तिथवर जात होती आणि पदरचा पैसा देऊन दगडावर नाव कोरून घेत होती. साँचीच्याच दक्षिण तोरणावर दुसरा एक लेख आहे, तो सांगतो की इथलं कोरीव काम विदिशेच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंत कोरणाऱ्या हातांनीच दगड कोरला! साँचीच्या यक्षी आणि आपली हस्तिदंती बाई एकमेकींच्या इतक्या जवळच्या का वाटतात, याचं उत्तर मला या दोन लेखांत सापडतं. गिऱ्हाईक, कारागीर आणि व्यापारी एकाच रस्त्यानं ये-जा करत होते.

भोकरदनचा माल रोमपर्यंत गेला कसा, याचं कोडं पडू नये इतका त्या व्यापाराचा तपशील हाताशी आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं लिहिलेलं ‘पेरिप्लस’ हे टिपण पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं घेतं. भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. माल गाड्यांवरून, बिकट वाटांनी भरूचला उतरायचा. भरूचहून बाहेर जाणाऱ्या मालाच्या यादीत जटामांसी, सुती कापड, पिंपळी यांच्याबरोबर हस्तिदंतही आहे. इजिप्तहून जहाजं जुलैच्या सुमाराला निघत, पावसाळी वाऱ्यावर इकडे येत आणि वारा उलटला की परत जात.

पण या मूर्तीचं खरं मोल तिच्या प्रवासापेक्षा तिच्या तारखेत आहे. सातवाहनांचा काळ म्हणजे अभ्यासकांच्या वादाचं कुरण. कोणता राजा कधी, कोणतं लेणं कधी, यावर पन्नास-शंभर वर्षांची ओढाताण चालते. इथे मात्र व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं शिक्का मारून ठेवला आहे. इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेई राखेखाली गेलं, म्हणजे ही बाई त्याआधीच तिथे पोचलेली होती आणि घडली त्याहूनही आधी. आपल्याकडच्या प्राचीन कलेत इतका पक्का खुंटा फार थोड्या वस्तूंना मिळाला आहे.

आता प्रश्न उरतो तो हिच्या कुळाचा. ही कोण? आणि रोमन माणसानं तिला घरात का आणलं?

पॉम्पेई हे रोमनांच्या प्रेमदेवतेचं, व्हीनसचं गाव. इसवी सनापूर्वी ८० मध्ये रोमनांनी तिथे वसाहत केली तेव्हा शहराच्या अधिकृत नावातच तिला गोवलं. व्हीनस म्हणजे ग्रीकांची अफ्रोदिती. तिच्या जन्माची कथा ग्रीक कवी हेसिअडनं सांगितली आहे: क्रोनसनं आपल्या बापाचं, आकाशाचं, लिंग विळ्यानं छाटलं, ते समुद्रात पडलं, त्याभोवती फेस जमला आणि त्या फेसातून देवी वर आली, तरंगत सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. कथा रानटी आहे, पण चित्रकार-शिल्पकारांनी तिच्यातला शेवटचा क्षण तेवढा उचलला. रोममध्ये १८८७ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या एका संगमरवरी फलकावर देवी पाण्यातून वर येते आहे आणि दोन बाजूंच्या दोघी वाकून तिला हात देत आहेत. ग्रीक चित्रकार अपेलीझनं कोस बेटासाठी ओले केस पिळणारी अफ्रोदिती रंगवली. ते चित्र सम्राट ऑगस्टसनं रोमला नेलं आणि बदल्यात कोसवासीयांचा शंभर टॅलंटचा कर माफ केला. पुढे १४८५च्या आसपास इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीनं तिला शिंपल्यावर उभं केलं. एका बाजूनं वारे फुंकर घालतात, दुसऱ्या बाजूनं ऋतुदेवता वस्त्र घेऊन धावते. पुढच्या चित्रकारांनी काय काय केलं हे सांगत बसायला नको, मधोमध देवी आणि दोन बाजूंना सेवा करणारे ही मांडणी दोन हजार वर्षं टिकली.

याच मांडणीचं एक रूप आपल्या मूर्तीच्या फार जवळ येतं. ग्रीकांकडे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात काशाचे आरसे होत. घासून चकचकीत केलेली तबकडी, खाली बैठक आणि मध्ये दांड्याच्या जागी उभी एक बाई, जिच्या डोक्यावर आरसा तोललेला. अनेक आरशांत तिच्या दोन खांद्यांजवळ पंखवाले दोन इरोस, म्हणजे ग्रीकांचे प्रेमदेव, घिरट्या घालतात. ही बाई बहुधा अफ्रोदितीच. आता भोकरदनच्या कुळातली आपली बाई पाहा. मध्ये ती, दोन बाजूंना दोघी, डोक्यात भोक. तिच्यावर आरसा बसवलेला असावा असं एक मत आहे. दुसरं मत असं, की ती छोट्या तिवईचा पाय होती. भोकाची रचना पाहता दोन्ही शक्य आहे.

हे साम्य पाहून काही अभ्यासकांनी तिला व्हीनस आणि श्री, म्हणजे लक्ष्मी, यांचा संकर ठरवलं. मला ते पटत नाही. तिच्या अंगावरचं एकही चिन्ह समुद्राचं नाही, शिंपला नाही, इरोस नाही. ती लक्ष्मी आहे असंही म्हणवत नाही. आपल्या डोळ्यांसमोर लक्ष्मी येते ती राजा रविवर्म्याच्या चित्रातली, पाण्यातल्या कमळावर उभी, शेजारी हत्ती. लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यातून निघून ती घरोघरी भिंतीवर गेली. पण ते चित्र बाजूला ठेवून भारहूत-साँचीची लक्ष्मी घेतली तरी कमळ आणि पाणी ओतणारे हत्ती तिथेही आहेतच. ही बाई समुद्रमंथनातून आलेली नाही आणि पूजेलाही बसवलेली नव्हती, ती वापरातल्या वस्तूचा भाग होती. तिला यक्षी म्हणा, नाहीतर नुसती नटणारी स्त्री म्हणा. तिचा वंश आपल्याकडे पुढे चालू राहिलेला दिसतो. भोकरदनपासून फार लांब नाही त्या अजिंठ्यात, सतराव्या लेण्याच्या भिंतीवर, पाचव्या शतकातल्या चित्रकारानं एक राजस्त्री रंगवली आहे: हातात आरसा, अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना प्रसाधनाचं साहित्य घेतलेल्या दासी. भोकरदनची मूर्ती आणि हे चित्र यांत चारेकशे वर्षांचं अंतर आहे, पण नजर तीच आहे. अजिंठ्याला जाल तेव्हा त्या भिंतीपुढे थोडं थांबा.

मग ग्रीक कथेचा हिच्याशी संबंध काय? माझ्या मते, जन्माशी नाही, स्वागताशी आहे. ज्या रस्त्यावर ती सापडली त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका घराच्या बागेत, भिंतीवर शिंपल्यात रेललेली व्हीनस रंगवलेली आहे, दोन्ही बाजूंना एकेक अनुचर. अशा गावातल्या माणसाच्या हाती दागिन्यांनी मढलेली, दोन सेविकांमध्ये उभी असलेली सुंदरी पडली तेव्हा तो बुचकळ्यात पडला नसावा. आपली देवी परक्या मुलखाच्या साजात आली आहे, इतकंच त्याला वाटलं असेल. घडवणाऱ्यानं एक घडवलं, घेणाऱ्यानं दुसरं पाहिलं.

उलट दिशेनंही हेच झालं. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५च्या सुमाराला रोमन काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची डौलदार मूर्ती होती आणि एका गोल फलकावर पर्सियस व अँड्रोमिडा. खडकाला साखळदंडांनी बांधलेली राजकन्या आणि सागरी राक्षसाला मारून तिला सोडवणारा वीर, ही कथा पॉम्पेईच्या एका श्रीमंत घराच्या भिंतीवरही रंगवलेली होती. तीच कथा धातूवर बसून पंचगंगेच्या काठी आली. ती घेणाऱ्या सातवाहनकालीन सावकाराला पर्सियसचं नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्याला घडणीची किंमत कळली होती आणि तेवढं पुरेसं होतं.

माहेर भोकरदनचं, असं मी ठामपणे लिहिलं तरी एक अडचण बाजूला सारता येत नाही. पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराची लिपी. सातवाहनांच्या मुलखात चालायची ती ब्राह्मी. अफगाणिस्तानात बेग्राम इथे १९३७ पासून फ्रेंच संशोधकांना हस्तिदंती कामाचा मोठा खजिना मिळाला. त्यातही अशा नटणाऱ्या स्त्रिया आहेत, सुटे भाग जुळवण्यासाठी कोरलेल्या खुणाही आहेत, आणि त्याच खोल्यांत भूमध्य समुद्राकडच्या सेरापिस-हेराक्लिस या देवाची काशाची मूर्तीही होती. तेव्हा मूर्ती दख्खनमध्ये घडून उत्तरेकडच्या व्यापाऱ्याच्या हातातून गेली, की इथला कारागीरच तिकडे जाऊन बसला, याचा निकाल एका अक्षरावर लागत नाही. शैलीचा पुरावा मात्र भोकरदन आणि तेरच्या बाजूनं भक्कम आहे, आणि मी तो मानतो.

हा पुरावा वाढू शकतो, आणि तो वाढवणं तुमच्या-आमच्या हातात आहे. मराठवाड्यात गावोगावी पांढरीची टेकाडं आहेत. धाब्यावर टाकायला, भिंती सारवायला तिथली माती पिढ्यानपिढ्या नेली गेली, आता घरांचे पाये खणताना ती उपसली जाते. त्या मातीत हस्तिदंताचा तुकडा सहसा नुसतं जुनाट हाड वाटतो आणि उकिरड्यावर जातो. भोकरदन, पैठण, तेर किंवा कुठल्याही जुन्या गावठाणात असं कोरीव हाड, मणी, नाणं, खापरावरचं चित्र सापडलं, तर ते धुऊ नका, घासू नका, विकू नका. नेमकं कुठे आणि किती खोल मिळालं ते लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. जमिनीतून निघालेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारकच आहे. पॉम्पेईची मूर्ती तुकड्यांतूनच जुळली होती आणि भोकरदनची अजून अर्धवटच आहे.