रेग्युलसचा शब्द

प्राचीन रोमच्या कॅपिटोल टेकडीवर, देवाधिदेव ज्युपिटरच्या मंदिरानजीक, 'फिदेस' या देवतेचे मंदिर होते. फिदेस म्हणजे दिल्या शब्दाला जागणे. 'विर' म्हणजे पुरुष. त्यावरून सिद्ध झालेला 'विर्तुस' हा शब्द मुळात रणांगणावरील पराक्रमाचा. देव, मातापिता व मातृभूमी यांच्याविषयीचे कर्तव्य म्हणजे 'पिएतास', तर धीरगंभीर वृत्ती म्हणजे 'ग्रावितास'. मात्र करार, मैत्री, आश्रयदाता व आश्रित यांचे नाते हे सारे अखेर शब्दावरच उभे असे. म्हणून फिदेसचे स्थान आगळे.

या गुणाचा आदर्श म्हणून रोमन लोक मार्कुस अतिलियुस रेग्युलसकडे बोट दाखवीत. इ. स. पूर्व 255 मध्ये हा सेनापती आफ्रिकेच्या भूमीवर कार्थेजच्या हाती जिवंत सापडला. परंपरा सांगते की, कैद्यांच्या अदलाबदलीची बोलणी करण्यासाठी शत्रूने त्याला रोमला धाडले. काम न झाल्यास परत येईन, अशी शपथ त्याच्याकडून घेतली. रेग्युलसने सिनेटला उलटाच सल्ला दिला, की अदलाबदल करू नका, ती रोमच्या हिताची नाही. मग आप्तेष्टांना न जुमानता तो कार्थेजला परतला आणि हालहाल होऊन मेला.

इ. स. पूर्व 44 मध्ये, अथेन्समध्ये शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी सिसेरोने कर्तव्यांविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात तो रेग्युलसची बाजू हिरिरीने मांडतो. शपथ पाळायची ती देवाच्या कोपाच्या भयाने नव्हे, तर न्याय व विश्वास यांच्यासाठी. आणि युद्धातील शत्रूला दिलेला शब्दही शब्दच असतो. याच्या उलट दाखला तो कॅनीच्या पराभवानंतरचा देतो. हॅनिबालच्या छावणीतून शपथेवर सुटलेला एक रोमन, काही विसरल्याचा बहाणा करून क्षणभर परत गेला आणि शपथ फिटली असे मानून घरी आला. सिनेटने त्याला बांधून हॅनिबालकडे पाठविले. शब्दांची कसरत म्हणजे शब्दपालन नव्हे!

परंतु इतिहासकाराला येथे थबकावे लागते. या युद्धाचा तपशीलवार वृत्तांत लिहिणारा पॉलिबियस रेग्युलसचा पराभव सांगतो. त्याच्या शिष्टाईविषयी व छळाविषयी मात्र अवाक्षर काढीत नाही. डिओडोरसच्या लेखनात तर वेगळीच हकीकत आढळते. रेग्युलसच्या पत्नीने घरी ठेवलेल्या दोन कार्थेजी कैद्यांचा अमानुष छळ केला, त्यांपैकी एक दगावला आणि अधिकाऱ्यांनी त्या कुटुंबाला जाब विचारला. हे पाप झाकण्यासाठीच रेग्युलसच्या छळाची कथा रचली गेली असावी, असा तर्क अनेक अभ्यासक करतात. तो खरा असेल, तर सद्गुणाची थोर गाथा क्रौर्याचे पांघरूण ठरते.

ख्रिस्ती विचारवंतांनी हा वारसा टाकून दिला नाही, पारखून घेतला. मिलानचे बिशप संत आंब्रोझ यांनी सिसेरोच्याच धर्तीवर धर्मसेवकांसाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. विवेक, न्याय, धैर्य व संयम या चार गुणांना 'प्रमुख सद्गुण' हे नाव त्यांच्यापासूनच लाभले. इ. स. 410 मध्ये रोमची लूट झाल्यानंतर संत ऑगस्टीन यांनी 'ईश्वराचे नगर' हा ग्रंथ हाती घेतला. त्यात त्यांनी रेग्युलसची मुक्तकंठाने स्तुती केली आहे. पण पुढे त्यांनी मर्मावरच बोट ठेवले: रोमनांनी लोभ व विलास आवरले, ते कीर्तीच्या लालसेने.

कीर्तीसाठी पाळलेल्या गुणाला प्रेक्षक लागतात. सिनेटसमोर उभ्या असलेल्या रेग्युलसला ते होते. त्याच्या घरातील त्या दोन कैद्यांना कुणी पाहत नव्हते. सद्गुणाची खरी कसोटी रोममध्ये लागली असेल, तर ती त्या बंद दाराआड.