हृदयाची साक्ष

मध्यरात्रीं घरांतील एखाद्या वृद्ध मनुष्यास एकाएकीं धाप लागते, त्यास रुग्णालयांत नेतात, आणि डॉक्टरांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, श्वास अडविला आहे तो फुप्फुसानें कीं हृदयानें? लक्षणें बरीचशीं सारखीं. उपचार मात्र निराळे. अशा वेळीं हल्लीं थोडेसें रक्त घेऊन त्यांतील 'बीएनपी' नांवाचें द्रव्य मोजतात व कागदावर एक आंकडा येतो. पुष्कळ सुशिक्षित घरांतून त्या आंकड्याकडे, कुंडलींतील मंगळाकडे पाहावें तशा धास्तीनें पाहतात. तो आंकडा कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आला, हें कळल्यास ती धास्ती कांहींशी ओसरेल, असें आम्हांस वाटतें.

विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हांपासून हृदय म्हणजे रक्त खेळविणारा पंप, हीच कल्पना शास्त्रांत रूढ होऊन बसली. तिला धक्का देणाऱ्या दोन गोष्टी १९५६ सालीं घडल्या. ब्रूनो किश यास गिनिपिगच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील पेशींत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं, बारीक कण आढळले. असे कण एरवीं स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींत सांपडावयाचे. हेन्री व पिअर्स यांनीं कुत्र्याच्या हृदयाचा डावा वरचा कप्पा आंतून फुगा घालून ताणला, तों मूत्राचा प्रवाह वाढला. परंतु या दोहोंचा मेळ त्या वेळीं कोणी घातला नाहीं.

योगायोग असा कीं, मोजमापाच्या साधनाचा पायाही त्याच वर्षीं घातला गेला. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागांत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सॉलोमन बर्सन हे वैद्य व रोझॅलिन यॅलो ह्या पदार्थविज्ञानाच्या विदुषी काम करीत होत्या. इन्शुलिन टोंचून घेणाऱ्या रोग्यांच्या रक्तांत त्या इन्शुलिनला धरून ठेवणारे प्रतिपिंड तयार होतात, असें त्यांस आढळलें. तज्ज्ञांस हें पटेना. निबंध एकदां परत आला. पुढें शीर्षकांतून 'प्रतिपिंड' हा शब्द गाळल्यावरच तो १९५६ सालीं छापला गेला. या दोघांनीं त्या प्रतिपिंडांचाच तराजू बनविला. पंगतींत पाट मोजके असावे, गंध लावलेले पाहुणे ठराविक संख्येनें बसवावे, आणि मग बिनगंधाचे पाहुणे आंत सोडावे. गंधवाले जितके उठतील, त्यावरून नव्यांची संख्या कळेल. येथें पाट म्हणजे प्रतिपिंड, आणि गंध म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन. १९५९-६० सालीं ही रीत त्यांनीं जगापुढें मांडली आणि तिचें पेटंट मात्र घेतलें नाहीं. बर्सन १९७२ सालीं निवर्तले. १९७७ सालीं नोबेल पारितोषिक यॅलोबाईंस मिळालें, तेव्हां आपल्या व्याख्यानांत त्यांनीं तें जुनें नकाराचें पत्रही दाखविलें.

इकडे कॅनडांतील किंग्स्टन येथें आडोल्फो द बोल्ड यानें किशच्या कणांचा पाठपुरावा चालविला होता. उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांस टोंचतांच त्यांच्या मूत्रांतून जाणारें सोडियम तीस पटींहून अधिक वाढलें, असें त्यानें १९८१ सालीं प्रसिद्ध केलें. हृदय मूत्रपिंडांस संदेश धाडतें, हें सिद्ध झालें. १९८८ सालीं जपानी संशोधकांनीं डुकराच्या मेंदूंतून याच कुळांतील दुसरें पेप्टाइड वेगळें केलें; म्हणून त्याच्या नांवांत मेंदू शिरला. तें मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, त्यांवर ताण पडल्यावर, निर्माण होतें, हें मागाहून कळलें. नांव तेंच राहिलें. हेंच आपलें बीएनपी.

दरम्यान तराजूही सुधारला होता. १९७१ सालीं स्टॉकहोमच्या एंगव्हाल व पर्लमान यांनीं किरणोत्सर्गी द्रव्याऐवजीं एन्झाइमची योजना केली. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिल्स्टाइन यांनीं एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनविण्याची युक्ति काढली. त्यामुळें एका रेणूस दोन प्रतिपिंडांच्या चिमट्यांत धरणें सुलभ झालें. २००० सालीं अमेरिकेंत रोग्याजवळच सुमारें पंधरा मिनिटांत बीएनपी मोजणाऱ्या संचास मान्यता मिळाली. मिलिलिटरभर रक्तांत ग्रॅमचा हजार कोटींवा भाग, एवढें अल्प द्रव्य हा संच ओळखतो!

तथापि २००२ सालीं धाप लागलेल्या १५८६ रोग्यांवर हीच परीक्षा तपासली गेली, तेव्हां १०० पिकोग्रॅमची मर्यादा धरून केलेलें निदान शेंकडा सुमारें ८३ ठिकाणीं बरोबर ठरलें. म्हणजे सहांत एक चुकलें. वाढतें वय व मूत्रपिंडाचा विकार यांनीं आंकडा वर चढतो, स्थूल देहांत तो खालीं राहतो, आणि निरनिराळ्या संचांचे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. साक्षीदार कितीही प्रामाणिक असला, तरी त्याची उलटतपासणी ही व्हावयासच पाहिजे. हृदयाची साक्ष ऐकूं येण्यास इतक्या जणांचीं इतकीं वर्षें खर्ची पडलीं. ती पुरती ऐकून घेण्यास, कागद हातीं येतांच हबकून न जातां, वैद्यासमोर शांतपणें बसण्याची अर्धी घटका आपणही द्यावी.